परीक्षेनंतरचं रिट्रीट: वाचकांचे प्रश्न

सत्र संपत आलं की गोव्यातल्या शाळा-कॉलेजांत आणि चर्चच्या युवा गटांत रिट्रीटचे, म्हणजे दोन-तीन दिवस एकांतात जाऊन प्रार्थना-मनन करण्याचे बेत सुरू होतात. घरातली जुनी माणसं याला अजून ‘रेतीर’ म्हणतात. या विषयावरची बरीच पत्रं साठली होती, त्यांतली काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आमच्या उच्च माध्यमिकची ४० मुलं आणि ५ मोठी माणसं शुक्रवार ते रविवार पिलारला जाणार आहोत. शुक्रवारी ११ वाजता शेवटचा पेपर सुटतो, २ वाजता बस. सोबत वेळापत्रक जोडलंय: शुक्रवारी रात्री दोन व्याख्यानं, शनिवारी पहाटे साडेपाचला उठणं, दिवसभरात पाच व्याख्यानं, रात्री भजनं आणि मेणबत्त्यांची प्रार्थना. काही राहिलं असेल तर सांगा. (शिक्षिका, साखळी)

राहिलं काहीच नाही, उलट जास्त झालं आहे. सात व्याख्यानं म्हणजे कॉलेजचाच दिवस, फक्त जागा बदललेली. पेपर देऊन आलेली मुलं आठवडाभर चार-पाच तासांच्या झोपेवर असतात. शुक्रवारी रात्री त्यांच्यासमोर कितीही चांगला वक्ता उभा केला तरी दहाव्या मिनिटाला माना खाली जातात, आणि आयोजकांना वाटतं की मुलांना देवाधर्मात रस नाही. रस असतो, झोप जास्त असते.

बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ काढून बघा. संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली पडतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगर, जिथे देव त्याच्याशी बोलतो, तो नंतर येतो. तुमचा शुक्रवार तसाच असावा. चार वाजता पोचलात तर चहा, खोल्या, आंघोळ, हवं त्याला तासभर डुलकी. सातला पेज. आठला अर्ध्या तासात स्वागत, नियम आणि हाच उतारा एकदा मोठ्याने. साडेनऊला दिवे बंद. शनिवारी सातच्या आधी कुणालाही उठवू नका.

शनिवारी बोलणी तीनच ठेवा, प्रत्येकी २५ मिनिटांची. नऊला पहिलं, सव्वाअकराला दुसरं, साडेतीनला तिसरं. प्रत्येक बोलण्यानंतर ४० मिनिटं मुलं एकेकटी, उताऱ्याचा कागद हातात, आणि मग १५ मिनिटं वहीत लिहिणं. खरं काम त्या ४० मिनिटांत होतं, बोलणं त्याची तयारी असते. जेज्वीट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात सुरुवातीच्या सूचनांतच हे सांगितलेलं आहे: साधना देणाऱ्याने मुद्दे थोडक्यात मांडावेत, कारण माणसाला स्वतः जे सापडतं त्याची गोडी जास्त. वक्त्या फादरांना हे आधीच नम्रपणे कळवा. ‘फादर, २५ मिनिटं’ असं तोंडी सांगून चालत नाही, वेळापत्रकाची छापील प्रत द्या आणि समोर घड्याळ ठेवा.

जेवणानंतर तीनपर्यंत विश्रांती ठेवाच. रात्री नऊला १५ मिनिटं आत्मपरीक्षण: आभार, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने पाहणं, चुकल्याची क्षमा, उद्यासाठी एक छोटा निश्चय. मेणबत्त्या आणि हळू गाण्यांची लांबलचक रात्र मात्र काढून टाका, असं आमचं मत आहे. अंधार, गिटार आणि थकवा एकत्र आले की चाळीसातली पंधरा मुलं रडतात, बाकीची त्यांना बघून रडतात आणि सगळे म्हणतात रिट्रीट छान झालं. त्या रडण्याचं बुधवारपर्यंत काही उरत नाही. उलट ज्याला रडू आलं नाही तो ‘माझंच काहीतरी चुकतंय’ असं मनात घेऊन घरी जातो.

रविवारी पावणेसातला चहा, आठला मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), नऊला न्याहारी, दहाला लहान गटांत बोलणं, साडेबाराला जेवण आणि परत. चहा सातच्या आत आटपा, कारण कम्युनियनच्या (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या) आधी एक तास उपवास असतो. पाणी आणि औषध चालतं.

प्रश्न: तारीख कोणती धरावी? नोव्हेंबरचा शेवट बरा वाटतो. (कॉलेज विद्यार्थी, फोंडा)

मुलांच्या दृष्टीने बरा, पण फादर मिळणार नाहीत. २० नोव्हेंबरला पिलारला पूज्य फादर आग्नेल यांची पुण्यतिथी, २४ पासून जुन्या गोव्यात सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियर यांच्या) फेस्ताचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ३ डिसेंबरला फेस्त. या दिवसांत जुन्या गोव्यात आणि पिलारला शांतताही नसते, रस्त्यात यात्रेकरू आणि फेस्ताचा बाजार. दिवाळीनंतरचा नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा किंवा १० डिसेंबरच्या आसपास बघा. एप्रिलचं सत्र असेल तर ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह टाळा. त्याआधीच्या उपवासकाळातही (ईस्टरपूर्वीच्या सुमारे चाळीस दिवसांत) पॅरिशमधली रिट्रीटं चालू असतात, फादरांच्या डायऱ्या भरलेल्या असतात. बागाच्या टेकडीवरचं रिट्रीट हाऊस असो की पिलार, जागा निदान तीन महिने आधी ठरवा. बागाला जायचं तर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नको, खालच्या किनाऱ्याचा आवाज टेकडीवर येतो.

पेपर आणि रिट्रीट यांच्यात एक मोकळा दिवस मिळाला तर घ्याच. ज्या संताच्या फेस्तामुळे तुमची तारीख अडतेय त्यांनाही सुट्टीची वाट पाहावी लागली होती. फ्रान्सिस झेवियर १५३४ साली पॅरिसमध्ये शिकवत होते. ऑगस्टमध्ये त्यांनी सोबत्यांबरोबर माँतमार्त्रच्या टेकडीवर व्रत घेतलं, पण इग्नेशियसची पूर्ण तीस दिवसांची साधना त्यानंतर, शिकवण्यातून मोकळे झाल्यावर केली.

प्रश्न: कन्फेशनसाठी (फादरांपाशी पापांची कबुली देण्यासाठी) एक फादर पुरे होतात का? गेल्या वेळी रात्री साडेदहापर्यंत रांग होती. (धर्मशिक्षण शिक्षक, पेडणे)

सोपा हिशेब आहे. एका मुलाला सरासरी ६ मिनिटं. ४० पैकी ३० मुलं गेली तर १८० मिनिटं, म्हणजे तीन तास. रांगेत तीन तास उभा असलेला मुलगा पापांचा नाही, जेवणाचा विचार करतो, आणि शेवटच्यांना दमलेले फादर दोन मिनिटांत मोकळे करतात. तीन फादर असले तर तासाभरात होतं. शनिवारी पाच ते सहा ही वेळ धरा आणि शेजारच्या चर्चमधून किंवा सेमिनरीतून दोन फादर त्या तासापुरते बोलवा. कुणी दोन दिवस अडकायला तयार नसतं, तासाला नाही म्हणत नाही.

तीन खुर्च्यांच्या जोड्या अशा मांडा की दिसेल पण ऐकू येणार नाही: एक चॅपेलच्या बाजूला, एक व्हरांड्याच्या टोकाला, एक झाडाखाली. बंद खोली नको. रांग लावू नका, मुलं बसून राहतील आणि जागा रिकामी झाली की एक उठेल. कुमसार, म्हणजे कन्फेशन, कसा करायचा हे पुष्कळांना दहाव्या वर्षानंतर आठवत नाही आणि लाजेपायी ती जातच नाहीत. अर्ध्या पानाचा कागद द्या: सुरुवात कशी करायची, पश्चात्तापाची प्रार्थना, शेवटी काय म्हणायचं. आणि कोण गेलं, कोण नाही, याची नोंद कुठल्याही शिक्षकाने ठेवू नये. जबरदस्तीच्या कन्फेशनला अर्थ नाही.

प्रश्न: मोबाईल काढून घेतले की पालक चिडतात, नाही घेतले की मौन मोडतं. (युवा गटप्रमुख, मडगाव)

पालक चिडतात ते ऐनवेळी कळतं म्हणून. संमतिपत्रातच लिहा: शुक्रवारी आठपासून रविवारी बारापर्यंत फोन बंद, या दोन नंबरांवर कधीही बोलता येईल. दोन नंबर वेगवेगळ्या कंपन्यांचे असू द्या, टेकड्यांवर एकाची रेंज असते तर दुसऱ्याची नसते. नाव लिहिलेल्या कागदी पाकिटात फोन बंद करून ठेवा, पाकीट कपाटात, किल्ली एकाकडे. नुसते सायलेंटवर ठेवलेले ४० फोन एका पेटीत घातले तर रात्रभर गजर वाजत राहतात. फोन गेला की घड्याळही जातं हे लक्षात राहत नाही. त्यामुळे भिंतीवरची दोन घड्याळं आणि एक हातघंटा सोबत घ्या. बायबलही पुष्कळांचं फोनमध्येच असतं, म्हणून उतारे छापून न्यावे लागतात.

मौनाबद्दल: पहिल्यांदा येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला पूर्ण दिवसाचं मौन देऊ नका. सकाळी नऊ ते पावणेएक आणि दुपारी साडेतीन ते सहा एवढं पुरे. जेवताना बोलू द्या. मौन मोडतं ते बहुतेक वेळा मोठ्यांमुळे: स्वयंपाकघरात भांडी आणि गप्पा, व्हरांड्यात शिक्षकांची बैठक. आधी त्यांना सांगा.

प्रश्न: ४५ माणसांचा स्वयंपाक आम्ही पालकच करणार आहोत. प्रमाण सांगाल का? जेवणं: शुक्रवार रात्र, शनिवार दोन्ही वेळा, रविवार दुपार, आणि दोन न्याहाऱ्या. (पालक, म्हापसा)

शुक्रवारी रात्री उकड्या तांदळाची पेज करा. माणशी ५५ ग्रॅम धरून अडीच किलो तांदूळ, साधारण २० लिटर पाणी, आणि भांडं ३० लिटरचं घ्या, नाहीतर उतू जाते. उकडा शिजायला पाऊण ते एक तास लागतो, सहाला चूल पेटलेली हवी. बरोबर मिसकूट (कैरीचं लोणचं), भाजलेले पापड, एखादं तोणाक (कडधान्याची रस्सेदार भाजी). दमलेल्या पोटाला बिर्याणीपेक्षा हे बरं, आणि मुलं नाकं मुरडली तरी दोनदा घेतात.

बाकीच्या तीन जेवणांना भातासाठी माणशी १०० ग्रॅम, म्हणजे वेळेला साडेचार किलो तांदूळ. डाळ माणशी ४० ग्रॅम, १ किलो ८०० ग्रॅम. भाजी निवडण्याआधी १५० ग्रॅम, सुमारे सात किलो. न्याहारीला माणशी तीन पाव, म्हणजे १३५. पोदेराला (पाववाल्याला) १४० सांगा आणि आदल्या दिवशीच सांगा, सकाळी सायकलवर एवढे जास्तीचे पाव नसतात. पावाबरोबर चवळीचं किंवा वाटाण्याचं तोणाक करायचं तर दोन किलो कोरडं कडधान्य आदल्या रात्री भिजत घाला. चहाला वेळेला १२० ग्रॅम पावडर आणि ४५० ग्रॅम साखर. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ३ लिटर, म्हणजे २० लिटरचे सात जार. एप्रिलमध्ये नऊ धरा.

मासळीबद्दल नीट सांगायला हवं, कारण इथे खरी चूक होते. शनिवार दुपारच्या हुमणासाठी (मासळीच्या आमटीसाठी) पन्नास बांगडे कुणीतरी सकाळी सहाला बाजारातून आणतं, पिशवी गाडीच्या डिकीत दहापर्यंत राहते. बांगडा, तारली, सुरमई बर्फाविना काही तास उबेत राहिली की तिच्यात हिस्टामाइन तयार होतं. ते कितीही शिजवलं तरी नष्ट होत नाही, आणि मासळी वासाला ठीक वाटू शकते. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल, अंगाला खाज, डोकं ठणकणं, उलटी. पालकांना वाटतं मसाला बाधला. मासळीच्या निम्म्या वजनाएवढा तरी बर्फ घेऊन थर्माकोलच्या पेटीत आणा, लगेच साफ करून पुन्हा बर्फात ठेवा आणि अकराला फोडणीला टाका. हे जमणार नसेल तर अंड्याची आमटी करा, कुणाचं बिघडत नाही. दुपारचा उरलेला भात रात्री ‘परतून’ वाढण्याचाही मोह टाळा.

रिट्रीट उपवासकाळात असेल तर शुक्रवारी मांस नाही. कोण शाकाहारी, कुणाला शेंगदाणा किंवा कोळंबी चालत नाही, हे संमतिपत्रातच विचारा.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. आम्ही हिंदू. त्याचे वर्गमित्र रिट्रीटला चाललेत आणि त्यालाही बोलावलंय. पाठवू का? तिथे त्याने काय करायचं असतं? (आई, डिचोली)

ताई, आधी शिक्षकांना विचारा की हे रिट्रीट फक्त ख्रिस्ती मुलांसाठी आहे की सगळ्यांसाठी. काही शाळा इतर धर्मांच्या मुलांसाठी त्याच दिवशी वेगळं मूल्यशिक्षण शिबिर ठेवतात. एकत्र असेल आणि मुलाला मनापासून जायचं असेल तर वेळापत्रक मागून घ्या आणि तुमची लेखी संमती द्या. मिस्सेत तो मागच्या बाकावर बसू शकतो, इतर उठतील तेव्हा उठला तर शिष्टाचार, गुडघे टेकण्याची गरज नाही. कम्युनियन घ्यायचं नसतं, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी आहे. रांगेत चुकून गेला तर ओशाळं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. कन्फेशनच्या वेळी त्याला फेरी मारू द्या किंवा वाचू द्या. मौन, वहीत लिहिणं, दिवसाचं आत्मपरीक्षण यांत तो बरोबरीने बसू शकतो. आयोजकांनी अशा मुलाला धर्माबद्दल आग्रह करू नये, आणि ‘तुला हे सगळं कसं वाटतं’ असं सगळ्यांसमोर विचारून त्याचं प्रदर्शनही मांडू नये.

प्रश्न: आमच्या गटात कोकणी बोलणारे कॅथलिक, महाराष्ट्रातून आलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबांची मुलं आणि एक-दोन इंग्रजीच वाचणारी. कोणती भाषा? आणि मिस्सेचं काय? (आयोजक, वास्को)

बोलणं एका भाषेत, उतारा तिन्ही भाषांत. कोकणी बायबल इथल्या कॅथलिक मुलांना रोमी लिपीत सवयीचं, मराठी मुलांना ती लिपी अडते. एका उताऱ्याला एक पान, १५ ओळींच्या आत, अक्षर १६ पॉइंटचं, मागची बाजू कोरी लिहायला. या वयाला चालणारे उतारे: मार्क ६:३०-३२, जिथे येशू दमलेल्या शिष्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगतो, मार्क १०:४६-५२, आंधळा बार्तीमय आणि ‘मी तुझ्यासाठी काय करावं?’ हा प्रश्न. योहान २१:१-१४, किनाऱ्यावरचा विस्तव आणि भाजलेली मासळी. हा शेवटचा गोव्यातल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

संध्याकाळच्या वाचनाला सगळ्यांना जोडणारं काही हवं असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणातल्या, म्हणजे बायबलच्या कथा सांगणाऱ्या ओवीबद्ध काव्यातल्या आठ-दहा ओव्या घ्या. १६१६ साली सालसेतीतल्या राशोलला ते छापलं गेलं, भाषा मराठी, पण कोकणी कानालाही अर्धीअधिक कळते. जुने शब्द आधी पाहून ठेवा आणि ओवी चालीवर म्हणा, सपाट वाचली तर पडते.

मिस्सेत प्रोटेस्टंट मुलं वाचन, गाणी, प्रार्थना यांत असतात, कम्युनियन घेत नाहीत. हे शनिवारी रात्री सगळ्यांना एकत्र, सहज आवाजात सांगा. रविवारी सकाळी दाराशी एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं तर मुलं दुखावतात. त्यांच्या पाळकांना शनिवारच्या एका बोलण्यासाठी बोलावलंत तर उत्तम.

प्रश्न: लहान गटांत मुलं मोकळी होत नाहीत, नाहीतर एकच मुलगी तासभर बोलते. आणि कुणी काही गंभीर सांगितलं तर? (स्वयंसेविका, मडगाव)

गट सहा-सातांचा. प्रत्येकाला चार मिनिटं, वाळूचं घड्याळ मधे ठेवा. ‘मी पास’ म्हणायची मुभा, पहिल्या फेरीत कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. प्रश्न एकच आणि ठोस: ‘काल कोणती ओळ मनात राहिली?’ ‘देव तुझ्यासाठी कोण आहे?’ असल्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर येतं.

‘इथलं इथेच राहील’ असं सरसकट वचन मात्र देऊ नका. असं सांगा: ‘इथलं बाहेर बोलायचं नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी कुणाला त्रास देत असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल.’ अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तपास करायला जाऊ नका, खोदून विचारू नका, ऐकलेलं त्याच शब्दांत लिहून ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, प्रार्थना करून झोपायला पाठवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास असतो, आणि घरच्यांना त्याच रात्री कळवा. परीक्षेनंतरचे दिवस या बाबतीत नाजूक असतात, निकालाची भीती तेव्हाच दाटते.

प्रश्न: शनिवारी दुपारी मुलांना समुद्रावर न्यावं का? (स्वयंसेवक, पणजी)

नको. दोन तास जातात, मौन परत जमत नाही आणि ४० मुलांवर लाटांत नजर ठेवायला पाच मोठी माणसं पुरत नाहीत. समुद्र दाखवायचाच तर लांबून, टेकडीवरून.

प्रश्न: क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या स्थानकांवर थांबत करायची प्रार्थना, बाहेर डोंगरावर करायची आहे. किती वेळ धरावा? (धर्मशिक्षण शिक्षिका, फोंडा)

१४ स्थानकं, प्रत्येकी चार मिनिटं आणि चालणं धरून सव्वा तास. नोव्हेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेचारला निघा. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यातलं शेवाळ नोव्हेंबरातही असतं, आदल्या दिवशी कुणीतरी चालून बघा आणि निसरड्या पायऱ्यांवर चुन्याची खूण करा. चपला नाही, बूट. मेणबत्त्या न्यायच्याच असतील तर कागदी पेल्यात भोक पाडून खोचा, लांब केस बांधलेले हवेत आणि ओढणी खांद्यावर नको. दर दहा मुलांमागे एक टॉर्च, सगळ्यात मागे एक मोठा माणूस. वीज गेली तर जनरेटरची चावी कुणाकडे आहे हे शुक्रवारीच विचारून ठेवा, शनिवारी रात्री तो माणूस लग्नाला गेलेला असतो.